सालीखालची कोंडी

मित्रांनो, मी केसाच्या टोकाएवढी एक म्हातारी गांधीलमाशी आहे. उडू लागल्याला मला अकरा दिवस झाले. आमच्यात एवढं वय पुष्कळ झालं. त्याआधीचा अख्खा हिवाळा मात्र मी कोंडीत काढला.

एल्की खोऱ्यातल्या एका जुन्या द्राक्षवेलीच्या सालीखाली माझा जन्म झाला. पिठ्या ढेकूण, म्हणजे पीठ माखल्यासारखा पांढरा किडा, वेलीचा रस पितो आणि मागे गोड चिकटा सोडतो. त्यावर काळी बुरशी चढते, घड वाया जातात. चिकट्याच्या लोभाने मुंग्या या ढेकणाची राखण करतात. त्यांना चुकवून आईने एका ढेकणाच्या पोटात अंडं घातलं. मी त्याला आतून खाल्लं. त्याचा मला अभिमान नाही, पण आमचं जेवणच ते! त्याची कातडी वाळून तपकिरी झाली आणि मी त्या कवचात अडकले. पंख फुटेपर्यंत सुटका नव्हती.

जुलैत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, एर्मेलिंडा आणि तिचा धाकटा भाऊ निकानोर वेलींची साल खरवडायला आले. दरवर्षी तीच साल पेटवून तिच्या गरम राखेत ते दुपारची भाकर भाजत. पहिली टोपली आगीत गेली. तिच्यात माझ्या बहिणी होत्या. त्यांची कवचं तडतडलेली मी ऐकली. मी दुसऱ्या टोपलीत होते. जिवाच्या आकांताने वळवळले, पण कवच हललंसुद्धा नाही.

"ताई, दे ती टोपली! पिठ्याचं खानदानच संपवतो आज," निकानोर म्हणाला.

"थांब रे, हावरटा!" एर्मेलिंडाने माझं सालपट उन्हात धरलं. "हा बघ, पांढरा नाहीये. तपकिरी, कडक झालाय."

"मेलाय म्हणून!"

"मेलाय ना? मग मारलं कोणी?"

निकानोर वाकून पाहू लागला. तिने माझ्या शेजारचं कवच नखाने फोडलं. आत माझी बहीण होती. तिचा जीव गेला, म्हणून माझा वाचला.

"अगं बाई! ही तर आपल्या बाजूची," एर्मेलिंडा हळूच म्हणाली. "आणि आपण इतकी वर्षं हिच्यावरच भाकर भाजतोय."

"पण टोपली ठेवली तर जिवंत पिठ्या परत चढेल की!"

"त्याला चालत चढावं लागतं. बुंध्याला चिकट पट्टी बांध, मुंग्याही अडतील. हिला पंख फुटतील, ही उडत वर जाईल."

त्या दिवशी भाकर कच्चीच राहिली. निकानोरने ती कुरकुरत खाल्ली.

वसंतात मी कवचाला गोल भोक पाडून बाहेर आले. आता पंख झिजलेत. आज सकाळी शेवटचं अंडं एका ढेकणात घातलं. म्हणजे लेकीलाही मीच कोंडून आले. तिच्या नाती-पणत्या पुढच्या हिवाळ्यात अशाच सालीखाली असतील. मित्रांनो, साल पेटवण्याआधी क्षणभर नीट पाहा. आतून आम्हाला हाक मारता येत नाही.