चतुराबाईची भरपगारी रजा

एक्कावन्न साली मुकुंदरावांच्या टेबलावर सगळं जग येऊन पडलं. निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं होत आली होती. शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली होती, रुखसतीचे, म्हणजे रजेचे, अर्ज उर्दूतून इंग्रजीत आले होते, आणि नव्या सरकारला आता मजुरांच्या विश्रांतीची काळजी लागली होती. कोणत्या देशात मजुराला किती भरपगारी रजा मिळते, याचं टिपण करायला मुकुंदरावांना सांगण्यात आलं. तीन पिढ्या सरकारी नोकरीत घालवलेल्या घराण्यात एवढं मोठं काम कुणाला मिळालं नव्हतं. ते फाईल घेऊन हैदराबादेत हिमायतनगरच्या घरी यायचे आणि बायकोला देश वाचून दाखवायचे.

"अगं, फ्रान्सात मजुराला पंधरा दिवस सुट्टी. बसून राहायचं, पगार चालू! इंग्लंडात एकच आठवडा. अमेरिकेत तर कायदाच नाही, सगळी मालकाची मर्जी."

"बरं. पाणी तापलंय," सावित्रीबाई म्हणायच्या.

मोरीवर भांडी घासणारी चतुराबाई मात्र हात थांबवून ऐकायची. ती मूळची परभणीकडची. नवरा वारल्यावर भावाच्या मागोमाग हैदराबादेत आली, ती सहा वर्षं याच घरी होती. पोलीस ॲक्शनच्या पाच दिवसांत सारी गल्ली दाराला कड्या घालून बसली होती, तेव्हाही ती रोज येऊन धुणंभांडी करून गेली. कधी तापाने अंथरूण धरलंच, तर तेवढ्या दिवसांचा खाडा मुकुंदराव न विसरता धरत.

टिपण पुरं झालं तसं मुकुंदरावांचं मराठी वाचनालयात व्याख्यान ठरलं. अध्यक्ष शेजारचे आबासाहेब वकील. श्रोत्यांना पाणी द्यायला चतुराबाईला नेलं होतं.

"विश्रांती ही भीक नव्हे, हक्क आहे!" मुकुंदराव गरजले. टाळ्या पडल्या. आबासाहेबांनी तर दोनदा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई पदराला हात पुसत पुढे आली. "रावसाहेब, हैदराबादेत किती?"

"काय किती?"

"रजा. फरांसात पंधरा म्हनलात."

मुकुंदरावांना बरं वाटलं. व्याख्यान तळागाळापर्यंत पोचलं होतं. "आपल्याकडेही कायदा आहे आता. वर्षभर काम केलं की वीस दिवसांमागे एक दिवस."

"मग मला पंधराच दिस द्या. भामा बाळंत झालीया. लेकीला बघून येते."

"अगं, तो कायदा कारखान्याला. घर म्हणजे कारखाना नव्हे."

"मग?"

"घर ते घर. तू आम्हाला घरच्यासारखी आहेस."

"घरच्यांचा खाडा धरत्यात व्हय?"

आत सावित्रीबाईंना हसू आवरेना. मुकुंदरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

उत्तराची वाट न पाहता चतुराबाई परभणीला गेली. "फरांसला चालले," असं गल्लीत चार बायकांना सांगून गेली.

तिसऱ्या दिवशी सावित्रीबाईंची कंबर धरली. मुकुंदरावांनी एकदा पातेली घासायला घेतली आणि नारळाच्या काथ्याने बोट सोलून घेतलं. मग त्यांनी दुसरी बाई शोधण्यासाठी दफ्तरातून दोन दिवसांची रजा काढली, अर्थात भरपगारी. पहिल्या दिवशी बाई मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना जेवण झाल्यावर जी झोप लागली, ती दिवेलागणीला मोडली.

आबासाहेब मुद्दाम येऊन बजावून गेले. "मुकुंदराव, पगार कापल्याशिवाय सोडू नक्को. एकीला चटक लागली की सगळ्या गल्लीचं वाटोळं."

"पण काल परवा माझ्या व्याख्यानात आपणच टाळ्या..."

"हौ, पण ते व्याख्यान होतं!"

सोळाव्या दिवशी सकाळी चतुराबाई हजर. सावित्रीबाईंसाठी तिने गुळाची ढेप आणली होती. महिना भरल्यावर मुकुंदरावांनी अर्धा पगार कापला. उरलेला तिने मोजून घेतला आणि मग म्हणाली, "एक अर्ज ल्ह्यून द्या. नामपल्लीच्या पल्याड बिस्किटाचा कारखाना हाय. तिथं बाया घेत्यात. वर्साला भरपगारी रजा भेटती. तुमीच सांगितलं."

मुकुंदरावांनी घाईने समोरची फाईल मिटली. "मी सांगितलं ते... ते सर्वसाधारण होतं."

"लिहा," सावित्रीबाई दारातून म्हणाल्या. "इंग्रजीत लिहा, आणि चांगलं लिहा. सहा वर्षांत एकदाही रजा घेतली नाही, असं लिहा."

"हे खोटं होईल. आत्ताच पंधरा दिवस..."

"ते दिवस तुम्ही रजा धरलेत कुठे? पगार कापलात की!"

नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हा मुद्दा नियमाला धरून वाटला. त्यांनी लिहिलं. सरकारी माणसाचं अक्षर आणि सही पाहून कारखान्याने चतुराबाईला आठवड्यात कामावर घेतलं.

मुकुंदरावांच्या टिपणाचा पुढे अहवाल झाला. तो मंजूर झाला, त्यांची तारीफ झाली. त्यात शेवटच्या पानावर त्यांनीच घातलेलं एक वाक्य होतं: घरकाम करणाऱ्या नोकरांकडून रजेची मागणी आल्याचे आढळत नाही.

पुढल्या साली चतुराबाईला बारा दिवसांची रजा मिळाली. नवं लुगडं नेसून ती सांगायला आली तेव्हा सावित्रीबाईंनी तिला पाटावर बसवून, घरच्या कपात चहा दिला. या घरात तिने कपाने चहा प्यायला, तो त्या दिवशी प्रथम. मग सावित्रीबाई चपला घालून तिला काचीगुडा स्टेशनवर पोचवायला निघाल्या.

"अहो, मी येतेय जाऊन," त्यांनी ओसरीकडे पाहत सांगितलं.

मुकुंदरावांचं लक्ष नव्हतं. नवी मोलकरीण समोर उभी होती आणि ते तिला खाड्याचा नियम समजावत होते.