सकीनाच्या बरणीचं वाकडं झाकण

"अगं, झाकण बरणीवर ठेवूनच भाज. वेगळं भाजलंस तर वाकडं होईल," असं बापूरावांनी बजावलं होतं. "अहो, लोणच्याचं झाकण आहे, विमानाचं दार नाही," असं म्हणून सकीनाने ते वेगळं भाजलं. ते वाकडं झालं.

मित्रांनो, तेच झाकण डोक्यावर घेऊन बसलेली मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे. माझा जन्म विश्रांतवाडीतला, सकीनाच्या गच्चीवरच्या विजेच्या भट्टीत झालेला. मला कुणी उघडलं की झाकण डुगडुगतं आणि 'टक' असा आवाज होतो. त्यामुळे आमच्या घरात चोरून लोणचं खाणं कुणालाच जमलं नाही.

सकीना कसबा पेठेतली, बापूराव वर्ध्याचे. लग्नाला दोन्ही घरं रुसली होती. लोणच्याला मात्र दोन्ही हजर. माझ्या पोटात वर्ध्याच्या सासूबाईंचा मसाला आणि कसब्यातल्या अम्मीची कलौंजी एकत्र नांदायची. एक म्हणायची, "मोहरी कमी पडली." दुसरी म्हणायची, "कलौंजी घातलीये की नुसती दाखवलीये?" जाताना दोघी डबे भरून न्यायच्या.

लेक दीपमाला लग्न होऊन वारज्याला गेली. स्वभाव काळजीचा. रोज फोन करून "जेवलात का?" विचारायची, पण उत्तरावर विश्वास ठेवायची नाही. मागून माझं 'टक' ऐकू आलं की मगच फोन ठेवायची.

गेल्या वर्षी सकीना गेली. आईच्या हातचं शेवटचं लोणचं म्हणून दीपमालाने मला वारज्याला आणलं आणि शोकेसमध्ये बसवलं. हात लावायला बंदी, दर्शन लांबूनच. लोणच्याच्या बरणीला देव्हाऱ्यातला मान मिळाला की काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

फोनवर बापूराव आता नुसतं "जेवलो" म्हणायचे. मागे काहीच वाजायचं नाही. दीपमाला फोन ठेवून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसायची.

एका रविवारी बापूराव वारज्याला जेवायला आले. पानं वाढली जात होती. तेवढ्यात दीपमालाची चिमुरडी सृष्टी खुर्चीवर चढली, शोकेस उघडली आणि माझ्या झाकणाला हात घातला.

टक!

"सकीना, मलाही वाढ गं," बापूराव सवयीने बोलून गेले.

सृष्टीचा हात माझ्यात कोपरापर्यंत बुडालेला.

"ओला हात! अगं, ओला हात आहे तो!" दीपमाला ओरडली. आणि मग रडत रडतच तिने बाबांच्या पानात चांगली मोठी फोड वाढली.

बापूरावांनी पोळीवर पोळी मागितली. दीपमाला बघतच राहिली. "बाबा, तिकडे जेवता तरी काय?"

"बिस्किटं. कुरकुर वाजतात. तेवढीच सोबत."

त्या संध्याकाळी मी शोकेसमधून सुटले. दीपमालाने उरलेल्या लोणच्यात दोन्ही आज्यांच्या पद्धतीने नव्या फोडी घातल्या आणि मला मांडीवर घेऊन विश्रांतवाडीला पोहोचवलं. आता ती फोनवर काही विचारतच नाही. नुसता कान देते. बापूराव म्हणतात, "वाजवतो, वाजवतो, थांब!"

मित्रांनो, मला कोरडा चमचा घाला, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी. पण तुमच्या ओळखीतही कुणी एकट्याने जेवत असेल. त्यांना आज फोन करा. नुसत्या "जेवलो"वर समाधान मानू नका. मागे काही वाजतंय का, ते ऐका. आणि काहीच वाजलं नाही, तर डबा घेऊन स्वतः जा.