मुंबईचा टीव्ही आणि नत्थूजींचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि मी सारं जग पाहिलं आहे. हे वाक्य मी बरीच वर्षं मोठ्या दिमाखात मनाशी म्हणत असे. मग लक्षात आलं की टीव्ही काही पाहत नसतो. पाहतात ती माणसं. मला आयुष्यभर दिसली ती समोरची सतरंजी आणि तिच्यावर बसलेल्यांची उघडी तोंडं.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, खाली चार बारीक पाय. काळ्या-पांढऱ्याशिवाय तिसरा रंग मला ठाऊक नव्हता. माझ्या पोटात ढोलकीसारखं एक नळकांडं होतं. बाहेरचं बटण कटकट फिरवलं की तेही फिरे. त्याच्यावर प्रत्येक चॅनेलसाठी एकेक पट्टी बसवायची सोय होती. कारखान्याने मात्र मुंबईची तेवढी पट्टी बसवली आणि बाकीच्या खाचा रिकाम्या सोडल्या. मुंबईचा टीव्ही मुंबईबाहेर जाईल कशाला, असा त्यांचा विचार.

मी गेलो. एशियाड होऊन गेलं त्या सुमारास माझे मालक मधुकरराव यांची नागपूरला बदली झाली. त्यांच्या पत्नी शामलाबाईंनी मला गाद्यांत गुंडाळून ट्रकमध्ये चढवलं. नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीत तोवर एकही टीव्ही नव्हता. पहिल्या संध्याकाळी अख्खी गल्ली सतरंजीवर येऊन बसली. मधुकररावांनी बटण दाबलं आणि पडदाभर मुंग्या आल्या. चित्र न येता नुसते पांढरे ठिपके वळवळत राहतात, त्यांना मुंग्या म्हणतात. गल्लीने त्या मुंग्या अर्धा तास मन लावून पाहिल्या.

सीताबर्डीहून ओमप्रकाश मेकॅनिक आला. त्याने आधी अँटेनाला दोष दिला, मग हवेला, मग थोडासा मधुकररावांना. शेवटी माझी पाठ उघडून तो म्हणाला, "साहेब, हा बंबईवाला हाय. इथल्या चॅनेलची पट्टीच नाही याच्यात." मधुकररावांनी कंपनीला लिहिलं. कंपनीने नम्रपणे कळवलं की हे मॉडेल आपल्या भागासाठी नाही. आपण मुंबईस परत आल्यास सेवेची संधी द्यावी.

तेव्हापासून माझ्या डोक्यावर भरतकामाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी आली. माझा मान राहिला, काम गेलं.

शेजारी नत्थूजी राहत. काटोलची संत्री विकणारा माणूस. अंगठ्याने संत्रं दाबून आतली फोड गोड की आंबट हे सांगत. त्यांची मुलगी गोपिका कॉलेजात एनसीसीत होती आणि दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी तिची निवड झाली होती. नत्थूजींनी जाऊ दिलं, पण बजावून. भिवापूरच्या मिरचीवाल्यांचं स्थळ आलेलं होतं. "परेड झाली का बस. कॉलेज बंद, मंग लग्न."

गोपिकाची आई भीमाबाई हिचं मत वेगळं होतं. बापाने पोरीला एकदा टीव्हीवर चालताना पाहिलं, तर तो विरघळेल. ती शामलाबाईंकडे आली.

"काहून वं शामलाबाई, टीव्हीले झालं तरी काय?"

"मुंग्या येतात हो."

भीमाबाई घरी गेली, मूठभर हळद घेऊन आली आणि पाठीच्या फटींतून माझ्या पोटात ओतली. "आता एक मुंगी राहत नाही पाहा." शामलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या तोवर उशीर झाला होता. ती हळद आजही माझ्या पोटात आहे.

मग शामलाबाईंनी पट्टीची गोष्ट समजावली. भीमाबाई तडक ओमप्रकाशच्या दुकानात जाऊन बसली. भंगारातल्या एका टीव्हीतून त्याने एक पट्टी उपसून काढली.

"बाई, ही दुसऱ्या कंपनीची हाय. याच्यात बसणार नाही."

"बसव गा! आमच्या पोरी परक्या घरी जाऊन बसतात, हे तं पट्टी हाय!"

ओमप्रकाश पेचकस घेऊन घरी आला. पट्टी बसली, पण जराशी सैल. बटण डावीकडे दाबून धरलं की चित्र, सोडलं की मुंग्या. त्याने काडी खुपसली, पुठ्ठा खुपसला. काही टिकेना.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधुकररावांनी बटण धरलं. पण त्यांचा हात फायलींवर वाढलेला. तो सारखा निसटायचा आणि परेडवर मुंग्या धावायच्या. नत्थूजी हाताची घडी घालून दारात उभे होते. काही दिसत नाही याची खात्री करून घ्यायलाच ते आले होते.

"अवो, तुमी धरा ना," भीमाबाई म्हणाली. "संत्र्याची गोडी सांगता, एक बटण नाही दाबता येत?"

चारचौघांत म्हटल्यावर नत्थूजी पुढे आले आणि त्यांनी अंगठा टेकवला. चित्र खिळा मारल्यासारखं स्थिर झालं.

"हलू नका, नत्थूजी!" सारे ओरडले.

ते माझ्या बाजूला उभे होते. तिथून पडदा दिसत नाही. त्या खोलीत परेड न पाहणारे दोघेच होते, ते आणि मी.

"आल्या, आल्या! पोरी आल्या!"

"एकीच्या दोन-दोन दिसून राहिल्या गा!"

"ते पाहा, तिसऱ्या ओळीत, काठाले! गोपिकाच हाय! नाक पाहा, नत्थूजीचंच!"

नत्थूजींनी मान लांबवली. अंगठा सरकला, मुंग्या आल्या आणि खोलीभर "अंगठा! अंगठा!" असा हाकारा झाला. त्यांनी अंगठा पुन्हा जागेवर टेकवला. मग हळूच म्हणाले, "कशी चालून राहिली?"

भीमाबाईने पडद्यावरची नजर काढली नाही. "ताठ. तुमच्यासारखी."

तो अंगठा बटणावर आणखी घट्ट रुतला. परेडचं शेवटचं विमान जाईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. मग लाल झालेला अंगठा चोळत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी शिकणार. भिवापूरले नाही म्हणून कळवतो." संध्याकाळी घरोघर संत्री वाटली.

पुढे रंगीत टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. गोपिका आज पोलिसात फौजदार आहे. गल्लीत आली की खालून माझी चौकशी करते.

मित्रांनो, रुमाल घालून वर फुलदाणी ठेवणं याला वस्तू जपणं म्हणत नाहीत. वर्षातून एकदा आमची पाठ उघडा, धूळ झटका, जमल्यास हळदही. आणि इथे चालणार नाही असं कोणी सांगितलं, तर बटण जरा दाबून धरून पाहा.

राहिली एक बारीक गोष्ट. दिल्लीहून परतल्यावर गोपिका माझ्यासमोर बसून सांगत होती, की त्या दिवशी तिला राखीव मुलींत ठेवलं होतं आणि परेड चालू असताना ती छावणीत मटार सोलत बसली होती. नत्थूजींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. भिवापूरला नकार जाऊन पोचला होता.