चोरीची जास्वंद

आगरदांड्याच्या खाडीलगतच्या त्या आळीत आवडाबाईच्या जास्वंदीकडे नुसतं बघायचीही सोय नव्हती. भरगच्च पाकळ्यांची, वाटीएवढी नारिंगी फुलं. पंचक्रोशीत असलं दुसरं झाड नाही, असं आवडाबाई सांगायची आणि आळी गुमान मान डोलवायची. लग्नात तिनं त्याची फांदी मामीची नजर चुकवून, लुगड्याच्या ओच्यात दडवून माहेराहून आणली होती. मागून आणलेलं फुलझाड लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, हे तिथलं पाळण्यातलं पोरही जाणतं. म्हणूनच तर आवडाबाई तीस वर्षं खराटा घेऊन पहारा करत होती. फांदी मोडल्याचा संशय जरी आला तरी ती अशी शिव्यांची लाखोली वाहायची, की खाडीतले बगळे उडून जायचे.

त्या वर्षी आषाढातल्या उधाणानं बांध फोडला आणि खारं पाणी नेमकं तिच्याच सखल परसात शिरलं. पाणी ओसरलं, पण जास्वंदीची पानं पिवळी पडायला लागली. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. माहेर म्हणून जे काय होतं, ते एवढं झाडच.

तिनं बऱ्यातल्या बऱ्या काड्या निवडल्या, अंकुराच्या डोळ्याखाली तिरक्या छाटल्या, शेंड्याला शेण लावलं आणि ओट्याजवळच्या उंच जागेत खोचल्या. काड्या काळ्या पडल्या. खाऱ्या पाण्यानं झाडातलं त्राणच गेलं होतं, पण आवडाबाईला कारण वेगळंच ठाऊक होतं. आपल्याच झाडाची कोणी चोरी करतं होय? मग तिनं समोरच्या ठमीला बोलावून एक काडी हातात दिली. ठमी बिचारी घामाघूम झाली. तिच्याकडची काडीही वाळली.

"दिलेली लागंल कशी?" आवडाबाईनं कपाळावर हात मारला.

म्हणजे झाड वाचवायचं तर ते चोरीला जायला हवं होतं. आता चोर आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "मी बहिनीकडं दिघीला चाललेय गो! घरात कुनी न्हाय! परसाला कडी पन न्हाय!" शेजारच्या हिरामणची बायको नलू घागर भरता भरता "व्हय काकी" म्हणाली. होडीत बसल्यावर आवडाबाईला हसू आवरेना. दिघीला दिलेल्या बहिणीनं केलेले बोंबील तिच्या घशाखाली उतरले नाहीत, सारखा चोरच डोळ्यांपुढे येत होता.

परत येऊन बघते तर झाडाभोवती काट्यांचं कुंपण, आणि कोयता घेऊन हिरामण बसलेला.

"काकी, एक पान हलू दिलं न्हाय!"

"तुजं तळपट झालं, मेल्या!" आवडाबाई कडाडली, आणि आळीच्या मधोमध जाऊन तिनं गळाच काढला. "अरे, कुनीतरी चोरा रं! तीस वर्सांत या आळीत एक चोर निपजू नये? समदीच कशी सज्जन मेली?"

नलूला फिसकन हसू फुटलं.

"काकी, शिव्या देनार न्हाय ना?" असं म्हणत तिनं आवडाबाईला हात धरून न्हाणीमागं नेलं. कुडाच्या आडोशाला नारिंगी फुलांनी लहडलेली जास्वंद उभी होती. "तुमी भात कांडत व्हतात तवा नेली," नलू म्हणाली. मग ठमीनं गोठ्यामागची दाखवली. ठमीला घाम का फुटला होता ते आवडाबाईला आता कळलं. मग कोणी उकिरड्यामागची दाखवली, कोणी माडाआडची.

"आनि गनपतीला हीच फुलं वाहायचात?" आवडाबाईनं विचारलं.

"तुमी दर्शनाला आलात की आमी ती दुर्वांखाली दडवायचो."

आवडाबाईचा हात कुडाला टेकवलेल्या खराट्याकडे गेला, पण त्याआधी हसू आलं, आणि हसूबरोबर रडूही. तिचं माहेर आळीभर पसरलं होतं आणि तिलाच पत्ता नव्हता. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

नलू लगबगीनं काडी मोडायला गेली.

"हात लावू नको!" आवडाबाई ओरडली. "दिलेली लागत न्हाय. तिकडं बघा समदी!"

सगळी आळी पाठ करून उभी राहिली. हिरामणनं तर डोळेही मिटले. आवडाबाईनं कटकन फांदी मोडली, ओच्यात खोचली आणि त्या वयात अशी धूम ठोकली, की कोंबड्या फडफडत कुडावर चढल्या. मागून सगळे टाळ्या पिटत ओरडत होते, "चोर! चोर! धरा!"

फांदी ओट्याजवळ लागली, फुटली, आणि पुढच्या पावसाळ्यात फुललीही. एका सकाळी आवडाबाई पाणी घालायला आली तर एक फांदी मोडलेली. ताज्या जखमेतून चीक येत होता.

तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला, खराटा उचलला आणि आळीच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की खाडीतले बगळे उडाले. घराघरांत बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ओट्यावर आवडाबाईही हसत होती, पण शिवी मात्र तिनं एकही कमी केली नाही.