केबिनमधलं ऊब देणारं मशीन

आमच्या विभागप्रमुखांना मी मनातल्या मनात फीतकापे म्हणते. फीत कापायची, फोटोत मधोमध उभं राहायचं, की झालं यांचं काम. ऑपरेशननंतर गार पडलेल्या पेशंटला गरम हवा देणारं मशीन आलं, तेव्हाही त्यांनी फीत कापली आणि मशीन स्वतःच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. वॉर्डात खराब होतं म्हणे!

मी रिकव्हरी रूमची सिस्टर. भुलीतून बाहेर येणारी माणसं अठरा वर्षं बघते आहे.

त्या दिवशी सकाळी मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या एक शिंपीणबाई आल्या. तीन तास त्या गारठलेल्या थिएटरात होत्या, कारण फीतकाप्यांना घाम येतो म्हणून तिथला एसी कायम फुल्ल. कमरेखाली बधिर, आणि वर हुडहुडी अशी की कॉट खडखडत होती. अंगाचं तापमान मोजलं तर चौतीस पॉइंट सहा, हवं सदतीसच्या आसपास. लेक रडकुंडीला आली होती.

"आई, काय होतंय गं?"

"थं... थंडी..." पुढचं दातांनी खाल्लं.

दोन ब्लँकेटं घातली, सलाईन कोमट करून लावलं. काटा तसूभर हलेना. ब्लँकेट ऊब धरून ठेवतं, पण मुळात अंगात ती हवी ना! मी केबिनला फोन लावला.

"सर, मशीन हवंय."

"आज पाहणीची मंडळी आलीत. गरम पाण्याची पिशवी द्या पायाशी."

"पाय बधिर आहेत, सर. भाजलं तरी त्यांना कळणार नाही."

"अहो, आमची आजी हेच करायची."

एवढ्या पदव्या घेऊन माणूस शेवटी आजीवर आला. मी फोन ठेवला आणि तडक केबिन गाठली. पाच पाहुणे चहा पीत होते आणि मशीनवर बिस्किटांची बशी. ती उचलून मी फीतकाप्यांच्याच हातात दिली.

"सिस्टर, हे काय चाललंय?"

"पेशंट थंड पडलाय, सर." मी मशीन ढकलत बाहेर पडले.

कागदी पांघरूण बाईंच्या अंगावर टाकलं, नळी जोडली. गरम हवेनं ते टम्म फुगलं. अर्ध्या तासात कॉटची खडखड थांबली, दीड तासानं काटा छत्तीसच्या वर गेला. बाईंनी पांघरुणाची कड चिमटीत धरून पाहिली.

"शिवण अगदीच कच्ची आहे हो," त्या म्हणाल्या. लेक रडता रडता हसली.

तेवढ्यात वरात आलीच. "हे आमचं नेहमीचं काम," फीतकापे छाती काढून सांगत होते. पाहुण्यांतल्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "हवा किती अंशावर ठेवता?"

साहेब बटणांकडे बघत राहिले. परीक्षेत पाठ केलेलं सोडून भलतंच आल्यासारखे. मला कीव यायला हवी होती, पण आली नाही. उत्तर मी दिलं, डॉक्टरबाईंनी ते माझ्याकडे बघून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस आली: परवानगीशिवाय सामान का हलवलं? मी खुलासा लिहिला: "पेशंटला थंडी वाजत होती, साहेबांना नाही. मशीन यापुढे रिकव्हरी रूममध्येच राहील."

तासाभरात कागद परत आला. खाली साहेबांची झोकदार सही आणि शेरा: मंजूर. वाचायची त्यांना सवयच नाही.