एकोणीस दिवस मला बंद ठेवलं

मित्रांनो, मी एका रुग्णालयाच्या संगणकातला जुना नियम आहे. माझा राग अजून शमलेला नाही. तो का, ते सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक रुग्णाची एक नोंद असते. तिच्यात बरेच रकाने असतात. 'कोणतं औषध सोसत नाही' हा त्यातलाच एक. त्या रकान्यात एक अक्षर जरी बदललं, तरी मी त्याच क्षणी वॉर्डमधल्या सिस्टरच्या पडद्यावर लाल सूचना पाठवायची आणि औषधांच्या खिडकीवर घंटी वाजवायची. एवढंच माझं काम.

मला एका प्रोग्रामर बाईंनी लिहिलं. चार दिवस खोट्या नोंदी बदलून त्यांनी मला तपासलं. पुढे अकरा वर्षं मी एकदाही चुकलो नाही. औषधांच्या खिडकीवरचे काका नव्या लोकांना सांगायचे, "हा वाजला की हातातली बाटली आधी खाली ठेवायची. मग बघायचं."

मग नवे संगणकप्रमुख आले. जुन्या नोंदी नव्या साच्यात हलवायच्या होत्या. हजारो नोंदी एकदम बदलणार, म्हणजे मी हजारो वेळा वाजणार. "तासाभरासाठी याला बंद करतो," असं म्हणून त्यांनी मला बंद केलं. काम उरकलं, ते जेवायला गेले आणि मला साफ विसरले.

एकोणीस दिवस रकाने बदलत राहिले आणि मी मुका.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी एका आजींची मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "आईला ते इंजेक्शन चालत नाही. मागे तोंड सुजलं होतं." डॉक्टरांनी लगेच नोंद केली आणि ते पुढच्या रुग्णाकडे धावले. सूचना जाणारच, हा त्यांचा भरवसा. सिस्टरांचा पडदा कोराच राहिला. त्यांनी सकाळी ठरलेलं इंजेक्शन चार वाजता दिलं. आजींचा घसा सुजला, श्वास अडकला. सहा दिवस त्या श्वासाच्या यंत्रावर होत्या. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. इंजेक्शनच्या दिवशीच संध्याकाळी प्रमुखांनी मला कुणाला न सांगता पुन्हा चालू केलं होतं.

चौकशी झाली. तिचे कागदही आमच्याच संगणकात आहेत, म्हणून मला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

प्रमुख म्हणाले, "सिस्टरांनी नोंद उघडून बघायला हवी होती."

"एकतीस रुग्णांना मी एकटी होते, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "अशी नोंद बदलली की सूचना यायची."

सिस्टरांना घरी बसवलं. त्या आदेशावर चौकशी समितीतर्फे सही कुणाची? मला बंद करणाऱ्याची! हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खिडकीवरचे काका मात्र गप्प बसले नाहीत. प्रत्येक घंटी ते वहीत टिपायचे. ती वही घेऊन ते थेट चौकशीत गेले. "एकोणीस दिवस घंटी वाजली नाही. का, ते आधी सांगा." मग त्या प्रोग्रामर बाईंना बोलावलं. मला कुणी, कधी बंद केलं, हे त्यांनी सगळ्यांसमोर उघडून दाखवलं.

"राहून गेलं," प्रमुख म्हणाले.

"राहून गेलं असेल," बाई म्हणाल्या, "पण सिस्टरांना घरी पाठवताना तरी बोलायचं होतं."

सिस्टरांवरचा आदेश मागे घ्यावा लागला.

दोन महिन्यांनी सिस्टर कामावर परतल्या. आता माझी सूचना आली तरी त्या स्वतः नोंद उघडून बघतात. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मित्रांनो, कधी एखाद्या नियमाला गप्प करावं लागलं, तर करा. पण त्याला पुन्हा बोलतं कोण करणार, ते आधी लिहून ठेवा. विसरलात, तर तसं कबूल करा. दुसऱ्याच्या माथी मारू नका. आणि माफी माझी मागू नका. त्या आजींकडे जा. त्या कुजबुजत बोलतात, तेव्हा जरा जवळ बसून ऐका.