दोन जिवांचं स्टूल

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत सगळ्याजणी उभ्यानं काम करतात. शर्ट पसरायचा, शिवण बघायची, सुटलेले धागे कापायचे, घडी पुढे सरकवायची. स्टूल एकच, खिडकीपाशी. ते दोन जिवांच्या बाईचं. हा नियम मावशींचा. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या.

तिसरा महिना लागल्यावर त्यांनीच मला दंडाला धरून बसवलं. "पदवी घेतलीस, अक्कल घ्यायची राहिली का? दोन जिवांची बाई अशी उभी राहते?" माझे गठ्ठेही त्याच उचलू लागल्या.

चार वर्षांच्या लेकीनं घरी तो शब्द पकडला. "आई दोन जिवांची आहे," म्हणत ती रोज माझ्यापुढे दुधाचे दोन पेले ठेवायची.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवलाच नाही. मग म्हणाल्या, "ठोके दिसत नाहीयेत. शुक्रवारी पुन्हा बघू. पण फार आशा ठेवू नका."

नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी, बुधवारी स्टुलावर बसून राहिले. उठले नाही तर काही होणार नाही, असं काहीतरी डोक्यात. कात्रीसुद्धा हळू चालवत होते.

गुरुवारी पलीकडच्या टेबलावरची ठेंगणी बाई घेरी येऊन भिंतीला टेकली. मावशींनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"दिवस गेलेत ना गं? मग मूग गिळून गप्प का?"

ती लाजून हसली.

"घ्या! स्टूल एक नि बायका दोन. ही मोकळी होईपर्यंत तू खोक्यावर टेक."

पुठ्ठ्याचं खोकं तिच्याखाली दबत गेलं. मी बघत होते. उठले मात्र नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर काहीच हलत नव्हतं. सोमवारी दाखल व्हायचं ठरलं.

शनिवारी मी स्टूल पुसलं आणि ठेंगणीच्या टेबलापाशी नेऊन ठेवलं.

"अगं, हे काय?" मावशी ओरडल्या. "दोन जिवांची ना तू?"

"नाही मावशी. आता नाही."

त्या जवळ आल्या. माझ्या टेबलावरचा गठ्ठा रोजच्यासारखा उचलून आपल्याकडे घेतला. ठेंगणी स्टुलाला हात लावेना. दिवसभर ते तसंच रिकामं राहिलं.

घरी लेकीनं दोन पेले आणून ठेवले.

"हा तुझा. हा बाळाचा."

माझा पिऊन झाला. ती दुसऱ्याकडे बघत उभी होती. मी तोही प्यायले.